मेमरी कार्ड कसे निवडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावयाचे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव सुचविले, आणि मी नको नको म्हणत असता कार्यक्रमपत्रिकेत छापूनही टाकले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. आजवर येथे आपण मुलांचे संगोपन, उन्हाळ्याचे वाळवण, काटकसरीचा संसार अशा विषयांवर पुष्कळ ऐकले. मी आज बोलणार आहे ती मोबाइल फोनात घालावयाच्या मेमरी कार्डाविषयी. विषय ऐकताच पुढच्या सतरंजीवर थोडी कुजबुज झाली, ती मी पाहिली. पण हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही असे मला का वाटते, ते आधी सांगते.

आपल्या प्रत्येकीच्या फोनात आज काय काय साठलेले आहे, याचा जरा विचार करा. नातवाच्या बारशाचे फोटो आहेत, मुलीच्या लग्नाचे चित्रण आहे. बँकेच्या पासबुकाचा आणि सातबाऱ्याचा फोटो काढून ठेवलेला आहे. परगावी नोकरीला गेलेल्या मुलाने पाठविलेले बोलके निरोप आहेत. शिवाय गेल्या दोन वर्षांत आपल्या मंडळाने गावातल्या वयस्क बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या, त्याही फोनातच आहेत. ज्यांनी त्या म्हटल्या, त्यांपैकी दोघीजणी आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज आता फोनातच तेवढा उरला आहे.

आणि एके दिवशी तो फोन सांगतो की, जागा शिल्लक नाही. मग आपण काय करतो? घरातल्या मुलाच्या हातात फोन देतो आणि म्हणतो, “बघ रे बाबा, काय करायचे ते कर.” तो बिचारा आपल्या समजुतीप्रमाणे भराभर पुसून टाकतो. कोणता फोटो आपल्या जिवाचा आहे, हे त्याला ठाऊक नसते. नाहीतर तो बाजारातून स्वस्तातले एखादे कार्ड आणून घालतो, आणि आपण निर्धास्त होतो. बायांनो, घरातले डाळ-तांदूळ आपण दुसऱ्याच्या भरवशावर निवडत नाही. मग आठवणी ज्या डब्यात भरावयाच्या तो डबा तरी डोळे झाकून का घ्यावा? एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आता हे कार्ड म्हणजे आहे तरी काय? फोनात घालतात ते कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड असते. करंगळीच्या नखाएवढेच म्हणा ना. त्यात फिरणारे असे काहीच नसते. आत सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा किंचितसा भार अडकवून ठेवलेला असतो. फोन बंद केला, कार्ड बाहेर काढून ठेवले, तरी तो भार तसाच राहतो. म्हणूनच फोटो टिकतात. या जातीच्या साठवणीला ‘फ्लॅश’ म्हणतात. जपानमधल्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. तीतला मजकूर एका झटक्यात पुसला जातो, कॅमेऱ्याचा दिवा लखकन चमकावा तसा, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने हे नाव सुचविले. पुढे १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून कॅमेऱ्यात घालावयाचे टपाल तिकिटाएवढे एसडी कार्ड काढले, आणि २००५ साली त्याचाच धाकटा अवतार ‘मायक्रो एसडी’ या नावाने रूढ झाला. आपण मेमरी कार्ड म्हणतो ते हेच.

दुकानात जाण्याआधी घरी बसून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, आपल्या फोनात कार्डाला जागा आहे का? हे विचारणे वेडेपणाचे वाटेल. पण आज पुष्कळ नव्या फोनांत ती जागा ठेवलेलीच नसते. आयफोनात तर ती कधीच नव्हती. सिम कार्डाचा ट्रे टाचणीने बाहेर काढून पाहावा. कित्येक फोनांत दुसऱ्या सिमची जागा आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. तेथे कार्ड घातले तर दुसरे सिम काढावे लागते. ज्या बहिणीने एक नंबर माहेरच्यांसाठी आणि एक बँकेसाठी ठेवला आहे, तिने याचा विचार आधीच करावा.

दुसरी गोष्ट, फोन किती मोठे कार्ड घेतो? हे फोनाबरोबर आलेल्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. साधे बटणांचे फोन बहुधा ३२ जीबीपर्यंतचेच कार्ड ओळखतात. याला कारण आहे. २ जीबीपर्यंतच्या कार्डाला नुसते एसडी म्हणतात. त्यापुढे ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर एचसी ही दोन अक्षरे असतात. ३२च्या पुढे २ टीबीपर्यंतच्या कार्डावर एक्ससी ही अक्षरे असतात. ही जात नंतरची, २००९ साली ठरलेली. एचसीपुरता बनविलेला फोन एक्ससीचे कार्ड ओळखील याची खात्री नाही. तेव्हा सासूबाईंच्या बटणांच्या फोनात भजने भरून द्यावयाची असतील तर ६४चे कार्ड नेऊन उपयोग नाही. १६ किंवा ३२चेच न्यावे. त्यांना ते पुरून उरेल.

तिसरी गोष्ट, कार्डाची खरोखरच गरज आहे का? एकदा दुपारी निवांत बसून फोन पाखडून काढा. सकाळच्या शुभेच्छांची फुले, तोच तोच विनोद चार गटांतून आलेला, एकाच प्रसंगाचे हललेले दहा फोटो, असे कितीतरी निघते. माझ्या फोनातून असा सहा जीबी कोंडा निघाला. मात्र हे पाखडणे आपले आपण करावे. सुपात काय ठेवायचे आणि काय उडवून द्यायचे, हे जिचे धान्य तिलाच समजते.

एवढे करूनही जागा पुरत नसेल तर कार्ड घ्यावे. ते किती जीबीचे घ्यावे याला साधा हिशेब आहे. १ जीबी म्हणजे सुमारे १००० एमबी. फोनातला एक चांगला फोटो साधारण ४ एमबी जागा घेतो. म्हणजे १ जीबीत अडीचशे फोटो बसले. चित्रण मात्र फार खादाड. नेहमीच्या स्वच्छ चित्रणाचे एक मिनिट सव्वाशे एमबीच्या आसपास जाते, म्हणजे १ जीबीत आठच मिनिटे. आवाजाचे पोट मात्र लहान, मिनिटाला सुमारे १ एमबी. आपल्या मंडळाच्या सगळ्या ओव्या मिळून चाळीस तासांच्या आहेत. त्यांना अडीच जीबी पुरले. उलट एका लग्नाचे तीन तासांचे चित्रण बावीस-तेवीस जीबी घेते. यावरून ज्या त्या बाईने आपला हिशेब करावा. फोटो, भजने आणि थोडेफार चित्रण एवढ्यासाठी ६४ जीबी पुष्कळ झाले. घरात चित्रण फार होत असेल तर १२८ घ्यावे. त्याहून मोठे आपल्यासारख्या घरांना क्वचितच लागते. आणि एकाच डब्यात सगळा संसार भरला की डबा हरवल्यावर सगळाच संसार जातो, हेही विसरू नये.

येथे एक शंका पुष्कळ जणी विचारतात. कार्डावर ६४ लिहिलेले असते आणि संगणकात घातल्यावर ५९च दिसतात. मग पाच जीबी कोणी खाल्ले? ही मात्र लबाडी नव्हे, बरे का. आपल्या आजीच्या काळी कच्चा शेर आणि पक्का शेर अशी दोन मापे होती, तसाच हा प्रकार आहे. कारखानदार हजाराहजाराने मोजतो आणि संगणक एक हजार चोवीसाने मोजतो. माल तेवढाच, माप निराळे. १२८च्या कार्डाचे तसेच ११९ दिसतात. एवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये.

आता कार्डावरच्या खुणांकडे वळू. एवढ्याशा जागेत इतकी अक्षरे आणि आकडे छापलेले असतात की चष्मा लावूनही डोळे शिणतात. पण त्यांतल्या दोन-तीनच आपल्या कामाच्या आहेत.

इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० हा आकडा असतो. त्याचा अर्थ, हे कार्ड दर सेकंदाला निदान १० एमबी भरून घेते. नळाची धार किती मोठी आहे, तसे हे आहे. यू अक्षराच्या पोटात १ असला तरी अर्थ तोच, आणि ३ असला तर धार निदान ३० एमबीची. व्ही अक्षरापुढे ३० असले तरीही तेच. नेहमीच्या चित्रणाला १०ची धार पुरते. अतिस्पष्ट चित्रण, ज्याला मुले फोर-के म्हणतात, ते करावयाचे असेल तर ३०चे घ्यावे. धार कमी पडली की चित्रण मध्येच अडखळते किंवा थांबते. पाकिटावर ठळक अक्षरांत १०० किंवा १५० एमबी असे लिहिलेले असते, त्याने भुलून जाऊ नये. तो आकडा बहुधा कार्डातून वाचून घेण्याचा असतो, आणि तोही ‘जास्तीत जास्त’ असा. भरून घेण्याचा निदान वेग वर सांगितलेल्या खुणांवरूनच कळतो.

दुसरी खूण ए अक्षराची, पुढे १ किंवा २. कार्डावर अॅप ठेवावयाची असतील तर ही पाहावी. पोते एकदाच रिकामे करणे निराळे आणि फोडणी करताना मिसळणाच्या डब्यातून घटकेत मोहरी, घटकेत हळद चिमूटचिमूट उचलणे निराळे. अॅपचे काम या दुसऱ्या प्रकारचे असते. ए१ खुणेचे कार्ड सेकंदाला निदान दीड हजार वेळा असे चिमूटभर वाचू शकते आणि पाचशे वेळा लिहू शकते. नुसते फोटो आणि गाणी ठेवणाऱ्या बाईला या खुणेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. ती आहे खोट्या कार्डाची.

माझ्या नणंदबाईंच्या घरची हकीकत सांगते; त्यांनीच ती सभेत सांगावयास मला परवानगी दिली आहे. त्यांच्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन मोठ्या हौसेने झाले. शंभरावर माणसे जेवली. म्हाताऱ्या सासूबाईंनी एकेका नातवंडाला जवळ घेऊन नाव घेत आशीर्वाद दिला, त्याचे सगळे चित्रण घरच्या फोनावर झाले. फोन भरला. तेव्हा त्यांच्या धाकट्याने जत्रेत एका फिरत्या विक्रेत्याकडून ५१२ जीबीचे कार्ड अगदी थोडक्या पैशांत आणले. कार्ड घातले, फोनाने ५१२ दाखविले, सगळ्यांना आनंद झाला. सगळे चित्रण कार्डावर हलविले आणि फोन मोकळा केला. सहा महिन्यांनी सासूबाई गेल्या. दिवसकार्याला आलेल्या मुलींना तो आशीर्वाद ऐकावयाचा होता. कार्ड उघडले तो पहिले काही फोटो नीट दिसले. पुढे नावे सगळी होती, पण आत काही नव्हते. नुसता करडा चौकोन. चित्रण एकही उघडेना. ओळखीच्या एका मुलाने संगणकावर तपासले तेव्हा ते कार्ड खरे म्हणजे ८ जीबीचे निघाले. नणंदबाई त्या दिवशी म्हणाल्या, “पैशांचे काही नाही गं, पण त्यांचा आवाज गेला.” यावर कोणी काय बोलणार?

ही फसवणूक कशी होते ते समजून घ्या. धान्याच्या बाजारात पूर्वी दुबुडी माप असे. बाहेरून पायली, आत मध्यावरच दुसरे बूड. खोट्या कार्डाची गोष्ट थोडीशी तशीच. प्रत्येक कार्डात कारभार पाहणारी एक बारीकशी चकती असते. आत किती जागा आहे हे फोन तिलाच विचारतो. लबाड माणसे तिला खोटे बोलावयास शिकवितात. आत जागा ८ची, ती सांगते ५१२. पहिले ८ जीबी भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर आलेला माल एकतर आधीच्या मालावर लिहिला जातो किंवा कोठेच लिहिला जात नाही. फोटोचे नाव मात्र यादीत चढते. म्हणून पहिले कित्येक दिवस आपल्याला पत्ताच लागत नाही. फसवणारा मात्र तोवर पुढच्या गावच्या जत्रेला गेलेला असतो.

याला उपाय आहेत, आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत.

एक म्हणजे, कार्ड ओळखीच्या, दुकान थाटून बसलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे, सीलबंद पाकिटातले घ्यावे आणि पक्के बिल मागून घ्यावे. बिल मागण्यात संकोच कसला? घरी बसून मागविणार असाल तर माल कंपनीचा अधिकृत विक्रेता पाठवितो की दुसराच कोणी, ते पाहून घ्या. पाकिटावर निर्मात्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि छापील किंमत असावी. चांगल्या कंपनीच्या ६४च्या किमतीत कोणी ५१२ देत असेल, तर तो दानधर्म करावयास बसलेला नाही, एवढे ओळखावे.

दुसरा उपाय म्हणजे, कार्ड आणल्यावर लगेच त्यावर विश्वास टाकू नये; आधी त्याची परीक्षा घ्यावी. ज्याची प्रत दुसरीकडे सुरक्षित आहे असे फोटो, चित्रपट, गाणी, काहीही त्यावर भरत जावे, अगदी काठोकाठ. एकाच गोष्टीच्या पुन्हा पुन्हा प्रती केल्या तरी चालेल. मग कार्ड बाहेर काढून पुन्हा घालावे आणि सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे पुष्कळसे उघडून पाहावे. यादीत दिसणाऱ्या छोट्या चित्रावर जाऊ नये; ते फोनाने आपल्या पोटात जपून ठेवलेले असू शकते. फोटो पूर्ण उघडावा, चित्रण शेवटपर्यंत चालवावे. घरात संगणक असेल तर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ हे फुकट मिळणारे कार्यक्रम हेच काम आपोआप करून देतात. मोठे कार्ड तपासावयास काही तास लागतात, लागू द्या. आपण नवे जाते आणले तर त्यावर आधी भरड दळून घेतोच की नाही?

तिसरा उपाय, कार्ड खोटे निघाले तर गप्प बसू नये. बिल घेऊन दुकानदाराकडे जावे. तो दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदविता येते. ग्राहकांच्या हक्कांसाठी २०१९ सालचा कायदा आहे, आणि तो बायकांनाही लागू आहे!

कार्ड पारखून झाले, आता ते फोनात घालावयाचे. येथे फोन एक प्रश्न विचारतो आणि आपण घाईघाईने कोठेतरी बोट लावतो. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून कार्ड दोन तऱ्हांनी वापरण्याची सोय झाली. सगळ्या फोनांत ती नसते, पण असेल तर तिचा अर्थ ठाऊक हवा. एक तऱ्हा म्हणजे कार्ड सुटे राहते. आज या फोनात, उद्या त्या फोनात, परवा संगणकात, कोठेही वाचता येते. दुसरी तऱ्हा म्हणजे फोन त्या कार्डाला आपल्या पोटातल्या जागेतच सामील करून घेतो. तसे करताना तो कार्डावरचे आधीचे सगळे पुसतो आणि त्याला कुलूप घालतो. त्याची किल्ली त्या एका फोनापाशीच राहते. पुढे फोन पाण्यात पडला किंवा बंद पडला, तर कार्ड धडधाकट असूनही त्यातला एकही फोटो बाहेर येत नाही. आपल्याला कार्ड हवे ते जिन्नस जपण्यासाठी. तेव्हा सुट्या कार्डाचीच तऱ्हा निवडावी, असे माझे मत आहे.

कार्ड घातले म्हणून सगळे आपोआप त्यावर जाते, अशीही समजूत करून घेऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कार्डावर ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी लागते. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो तर फोनाच्या पोटातच उतरतात; ते फाइलच्या अॅपमधून आपण स्वतः कार्डावर न्यावे लागतात. नेताना आधी प्रत करावी, ती कार्डावर उघडून पाहावी, आणि मगच मूळ पुसावे. दुधाचे पातेले बदलताना नवे पातेले गळत नाही ना हे पाहूनच आपण जुने रिकामे करतो, तसेच हे. कार्ड काढतानाही फोनात सांगून, नाहीतर फोन बंद करून काढावे. लिहिणे चालू असता ओढून काढले तर आतला मजकूर बिघडतो. चुकून काही पुसले गेलेच, तर त्या कार्डावर नवे काही भरू नये आणि जाणत्या माणसाला दाखवावे. पुसलेले लगेच नाहीसे होत नाही. त्यावर दुसरे लिहिले गेले म्हणजे मात्र ते जाते.

फोन दुरुस्तीला देताना किंवा विकताना कार्ड काढून आपल्याजवळ ठेवावे. लेकीसुनांचे फोटो आणि बँकेची कागदपत्रे परक्याच्या हाती देण्याचे कारण नाही. हा आपल्या अब्रूचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

आता शेवटचा मुद्दा. इतके पारखून घेतलेले कार्डसुद्धा अमर नसते. कप्प्यांतला तो विजेचा भार वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतो. उष्णतेने तो लवकर झिरपतो. लिहिणे-पुसणे किती वेळा व्हावे यालाही मर्यादा आहे. शिवाय नखाएवढी वस्तू, केरात गेली तर कळायचेही नाही. पाकिटावर दहा वर्षांची हमी लिहिलेली असली, तरी ती नवे कार्ड देण्याची असते. त्यातल्या फोटोंची हमी जगात कोणतीही कंपनी देत नाही. तेव्हा जे पुन्हा मिळणार नाही, ते एका ठिकाणी ठेवू नये. एक प्रत कार्डावर, दुसरी घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर, आणि होत असेल तर तिसरी दुसऱ्या घरी. माहेरी ठेवा, लेकीकडे ठेवा. निवडक दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्या. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, कार्ड काढून सगळे उघडते की नाही ते पाहा.

आपल्या ओव्यांचे आपण असेच केले आहे, हे सांगावयास मला आनंद वाटतो. चिटणीसबाईंच्या फोनातून त्या आधी ३२ जीबीच्या पारखलेल्या कार्डावर घेतल्या. दुसरी प्रत वाचनालयाच्या संगणकावर आहे आणि तिसरी अध्यक्षाबाईंच्या कपाटात पेनड्राइव्हवर आहे. प्रत्येक बाईचे नाव, माहेर-सासरचे गाव आणि तारीख वहीत लिहून ठेवली आहे. कारण नुसता आवाज राहिला आणि तो कोणाचा हे कळले नाही, तर पुढच्या पिढीला त्याचा काय उपयोग? हेमाताई राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यांच्यापुढे आपले काम मुठीएवढे आहे. पण त्या ओव्या आपल्या गावच्या बायकांच्या आहेत, आणि त्या जपण्याची जबाबदारी आपली आहे.

भगिनींनो, आपल्या आयांनी-आज्यांनी जपून ठेवण्याचे काम कधी दुसऱ्यावर सोपविले नाही. बियाणे राखेत घालून ठेवले ते त्यांनीच, आणि लुगड्याच्या घडीत फोटो ठेवला तोही त्यांनीच. आता काळ बदलला, डबा बदलला. म्हणून घाबरून जाऊन ते काम मुलाबाळांच्या गळ्यात घालू नका. दुकानात स्वतः जा, खुणा स्वतः वाचा, बिल मागा, कार्ड पारखा आणि दुसरी प्रत करा. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी पुढच्या गुरुवारी दुपारी मंडळात फोन घेऊन यावे. आपण सगळ्या मिळून करू. नणंदबाईही येणार आहेत. कार्डाची परीक्षा घेण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे.

माझे बोलणे ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे लांबले.  चहा तयार आहे असे स्वयंपाकघरातून सांगणे आले आहे, तेव्हा आपली रजा घेते.